बुलेटच्या टायरला मुशीचं तेल

हरेश्वर माझा धाकटा भाऊ. त्याचं आणि त्याच्या मुलाचं, चंदरचं, बोलणं बंद होऊन दोन पावसाळे झाले होते. राहायचे एका घरात, जेवायचे एका चुलीवरचं, पण काही सांगायचं असलं की माझ्यामार्फत. मी शेजारच्याच घरात. भावजय वारल्यापासून त्या दोघांचं जेवण मीच करत होते, त्यामुळे निरोपही माझ्याच गळ्यात.

कारण एकच. चंदरने बोटीवर यायला नकार दिला आणि मरोळच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. आमच्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात त्याच्या वयाची पोरं बापाच्या बोटीवर होती. हरेश्वरची बोट भाड्याच्या खलाशांवर चालायची, आणि बंदरावर कुणी ना कुणी ते त्याला ऐकवायचंच. हरेश्वर ऐकून घ्यायचा. घरी आला की जाळ्याची गाठ इतकी आवळायचा की मला भीती वाटायची, दोरा तुटेल.

चंदरने जुनी बुलेट घेतली होती. सुट्टीच्या दिवशी तो ती उघडून बसायचा, पुन्हा जोडायचा. कारखान्यातला त्याचा दोस्त जयवंत, मुलुंडचा, आणि आणखी दोघं, असं त्यांचं ठरलं की जुलैत रजा काढायची आणि मोटरसायकलवरून काश्मीरमार्गे लेहला जायचं. लेह कुठे, ते मला ठाऊक नव्हतं. चंदरने सांगितलं, तिथे झाड नाही, समुद्र तर नाहीच. मी म्हटलं, मग तिथे बघायचं काय? तो म्हणाला, तेच बघायचं.

गाडीला नवे टायर लागणार होते. मे महिन्यात एका सकाळी चंदर अंधेरीच्या बाजारात माझ्या मासळीच्या पाटीसमोर येऊन उभा राहिला. कोलंबी निवडता निवडता मी वर पाहिलं. म्हणाला, टायर बघायला जातोय, बाबांना विचार येतात का. बाबा तर माझ्या मागेच बसला होता, बर्फ फोडत. मी विचारलं नाही. नुसतं त्याच्याकडे बघितलं. हरेश्वरने हात पुसले आणि उठला. मी पाटी शेजारणीला सांभाळायला दिली आणि त्यांच्या मागून गेले. अशा दिवशी मासे विकत बसणं मला जमलं नसतं.

दुकान स्टेशनच्या पुढे, नंदकिशोर नावाच्या माणसाचं. त्याने दोन जातींचे टायर काढून फरशीवर टाकले. एकाचं रबर मऊ, नखाने दाबलं तर खूण राहायची. ते रस्ता चांगला धरतं, ओल्यात घसरत नाही, पण दगडधोंड्यांवर लवकर झिजतं. दुसऱ्याचं रबर घट्ट, नक्षी खोल, कडा जाड. ते पावसात जरा जपून चालवावं लागतं, पण संपता संपत नाही. जयवंतने मऊ घ्यायला सांगितलं होतं. चंदर कितीतरी वेळ दोन्ही उलटेपालटे करत होता. मग बापाकडे वळला.

"बाबा, तू सांग. कुठला टिकेल?"

दोन वर्षांतलं हे त्याचं बापाशी पहिलं वाक्य. हरेश्वर खाली बसला. टायर कानाजवळ घेऊन त्यावर टिचकी मारली, जशी तो लाकडाच्या फळीवर मारतो. वाकवून बघितला. वास घेतला. नंदकिशोरला विचारलं, बोटीच्या अंगाला बांधला तर किती वर्षं जाईल? नंदकिशोर म्हणाला, काका, बोटीला जुना बांधा, नव्याची माती कशाला करता? चंदर हसला. हरेश्वरही हसला. मग त्याने घट्ट रबराच्या टायरवर हात ठेवला.

"जाणारा नको. परत आणणारा घे."

चंदरने तोच घेतला, पुढे एक, मागे एक. येताना हरेश्वरने एक टायर स्वतःच्या खांद्यात अडकवला आणि बाजारातून मुद्दाम सावकाश चालला. ओळखीचं कुणी भेटलं की थांबायचा. पोरगा हिमालयात चाललाय, म्हणायचा.

रजा जुलैची, तोवर जुने टायर चालणार होते. नवे ओट्यावर भिंतीला टेकून ठेवले. त्याच सुमाराला बोटी वर ओढायचे दिवस आले. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर असते, तेव्हाच तिला बघायचं. फळ्यांमधल्या फटी, खापा भरायच्या, फळ्या घासायच्या आणि मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल काढून अंगाला चोळायचं. उन्हाने लाकूड फाटतं, खाऱ्याने खातं, तेल त्याला राखतं. आमच्याकडे जे टिकवायचं त्याला तेल लावतात. बोटीला, वल्ह्याला, दोराला, लहान मुलाच्या टाळूला.

त्या वर्षी मुशी फार मिळाल्या नव्हत्या. तेल थोडंच निघालं. बोटीची एक बाजू काळी तुळतुळीत झाली आणि दुसरी कोरडीच दिसली, तेव्हा मी हरेश्वरला विचारलं. म्हणाला, एक पावसाळा निघेल तशीच. मी सोडून दिलं.

जुलैत चौघं निघाले. नवे टायर बसवायला जयवंत आमच्या घरी आला होता. टायर उचलला आणि नाकाला रुमाल लावला.

"चंदर, तुझ्या टायरला पण मासळीचा वास येतो रे."

"माझ्या सगळ्यालाच येतो," चंदर म्हणाला. तो हसला नाही.

आमच्या नाकाला तो वास कळत नाही, आम्ही त्यातच जन्मलो. टायर काळे चकचकीत होते, आम्हाला वाटलं नवे म्हणून. हरेश्वर दारात उभा होता. गाडी सुरू झाली तेव्हा तो पुढे झाला, मागच्या टायरवर थाप मारली आणि बाजूला झाला. पोराच्या पाठीवर मारायची थाप त्याने टायरवर मारली, असं मला तेव्हा वाटलं.

आठवडा पुरा व्हायच्या आत चंदर परत आला. एकटा. बुलेट रेल्वेच्या मालडब्यातून.

राजस्थानात अबूच्या पुढे मागच्या टायरची नक्षी गठ्ठ्यागठ्ठ्याने सुटायला लागली होती. पुढचा एका बाजूने फुगला. त्या मापाचा टायर तिथे मिळेना. बाकीचे एक दिवस थांबले, मग पुढे गेले. त्यांचं तरी काय चुकलं, त्यांनाही रजा तेवढीच होती. चंदर स्टेशनवरून तडक नंदकिशोरच्या दुकानात गेला, भांडायच्या तयारीने. नंदकिशोरने सुरीने रबराचा तुकडा कापला, बोटांत चुरला, नाकाशी धरला. म्हणाला, माल खराब नाही. याला कुणीतरी तेल पाजलंय, पुष्कळ दिवस. तेलाने रबर सुजतं आणि कुजतं.

हरेश्वर किनाऱ्यावर बोटीच्या सावलीत बसला होता, चार माणसं बाजूला. चंदर आला आणि टायर त्याच्या पुढ्यात टाकला. मी वरून धावत गेले. हरेश्वरने आधी टायरकडे बघितलं, मग पोराकडे.

"लागलं कुठे?" त्याने विचारलं.

"तेल तू लावलंस?"

"लावलं. मुशीचं. पहिल्या धारेचं." हे सांगताना त्याच्या आवाजात अजून थोडी ऐट होती. काय झालंय, ते त्याला कळलंच नव्हतं. "रोज संध्याकाळी चोळायचो. टिकावं म्हणून."

चंदर हसला. ते हसू मला अजून आवडत नाही.

"मला पाठवायचं नव्हतं तर तोंडाने बोलायचं होतंस. बोटीवर आलो नाही म्हणून हे?"

हरेश्वर उठला.  बाजूच्या माणसांकडे बघितलं, पण ती जाळ्यात डोकं घालून बसली. मी मध्ये पडले, चंदरला म्हटलं, अरे, बोटीला लावतो तेच तुझ्या टायरला लावलं, त्याला काय ठाऊक रबराचं. चंदर म्हणाला, आत्या, तू त्याचीच बाजू घेणार. त्याच संध्याकाळी बुलेटला जुने टायर चढवून, एक पेटी मागे बांधून तो गेला. मुलुंडला, जयवंतच्या बाजूला खोली बघितली, असं सांगून गेला. हरेश्वर किनाऱ्यावरून घरी आला नाही. मी जेवण तिथेच नेऊन दिलं.

नारळी पुनवेनंतर बोट पाण्यात गेली आणि पहिल्याच खेपेला कोरड्या बाजूने पाणी घ्यायला लागली. दोन फळ्या पोचट झाल्या होत्या. खलाशी शिव्या देत परत आले. फळ्या उपसताना हरेश्वर मला म्हणाला, तेल दोन्हीला पुरत नव्हतं बाय, टायरला जास्त लागत होतं, रबर पितच राहायचं. मला वाटलं, तहानलंय, म्हणून आणखी चोळायचो.

मग माझ्याच्याने राहवेना. त्याच्या बोटीचं अंग कोरडं राहिलं ते चंदरच्या टायरपायी. मुद्दाम वाकडं करणारा माणूस स्वतःची बोट नाही घालवत. एवढं कळलं तर पोरगा परत येईल, अशी माझी खात्री. हरेश्वरला सांगितलं, मी मुलुंडला जाते. सकाळी माझ्या पिशवीत चंदरसाठी सुके बोंबील बांधून ठेवलेले होते.

मुलुंडची खोली चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. चंदर कामावरून आला नव्हता. घरमालकीण, द्रौपदीबाई, कोकणातली, चांगली बाई. तिने मला आत बसवलं, चहा दिला. मी म्हटलं, पोरगं तुमच्याकडे नवीन, सांभाळून घ्या. ती म्हणाली, नवीन कसला, खोली मे महिन्यापासून त्याचीच. सामान तेवढं नंतर आणलं. लेहवरून आल्यावर राहायला येणार म्हणाला होता.

चहा माझ्या हातात तसाच राहिला.

चंदर आला. मला बघून थबकला, मग बोंबलांची पिशवी बघितली आणि आधी खिडकी उघडली. मी त्याला बोटीचं सगळं सांगितलं. कोरडी बाजू, पोचट फळ्या, रबर तेल पितं म्हणून बापाने बोटीचं तेल त्याला घातलं ते. तो खाटेवर बसून ऐकत राहिला.  मग म्हणाला,

"मला ठाऊक आहे आत्या."

"काय ठाऊक आहे?"

"बाबा मुद्दाम नाही करणार. दुकानातच कळलं मला. वास आला तेव्हाच."

मी विचारलं, मग किनाऱ्यावर चार माणसांत ते कशाला बोललास? तो हातातल्या गाडीच्या किल्लीकडे बघत होता.

"खोली आधीच घेतली होती. सांगायचं कसं, ते समजत नव्हतं. रोज ठरवायचो, आज सांगतो, आज सांगतो. टायर आणायला त्याला घेऊन गेलो, तेही म्हटलं, जाण्याआधी एक दिवस तरी बरा जावा. नुसता निघालो असतो तर गाव म्हणालं असतं, म्हाताऱ्याला टाकून गेला. आता कुणी म्हणत नाही. तेलाने माझं काम सोपं केलं."

मी त्याला शिव्या द्यायला हव्या होत्या. मला येतात, बाजारात आयुष्य गेलंय. पण तो रडत नव्हता, ओरडत नव्हता, सांगत होता तेवढंच. आणि खोटं बोलत नव्हता. मी उठले. त्याने बोंबलांची पिशवी माझ्या हातात परत दिली. म्हणाला, इथे वास चालत नाही.

पिशवी घेऊन वेसाव्यात जायची नव्हती. वाटेत घाटकोपरला बाजाराबाहेर एक म्हातारी बसली होती, तिला देऊन टाकली.

हरेश्वर बंदरावर उभा होता. माझी वाट बघत नव्हता असं दाखवायला त्याने हातात दोर धरला होता. जवळ आले तसं विचारलं, "काय बोलला?"

मी सगळा रस्ता हाच विचार करत आले होते. खरं सांगितलं असतं तर त्याला काय कळलं असतं? पोराने त्याला पुरतं ओळखलं होतं आणि तरीही सोडलं होतं. त्यानंतर त्याला वाट बघायला काही उरलं नसतं.

"पटत नाही म्हणतो," मी म्हटलं. "राग गेला नाही त्याचा."

हरेश्वरने मान हलवली. त्याच्या तोंडावरचा ताण जरा सैल झाला.

"बोंबील ठेवले?"

"ठेवले."

"मग जाईल राग," तो म्हणाला. "रागच आहे. जाईल."

ते दोन टायर त्याने बोटीच्या अंगाला बांधले, धक्क्याला बोट घासू नये म्हणून. त्यांना पुन्हा कधी तेल लावलं नाही. मागचा तर निम्मा उघडा पडलेला, आतले धागे दिसायचे. दर वर्षी बोट वर ओढली की तो त्यांचे दोर बदलायचा आणि मला विचारायचा, मुलुंडकडे गेली होतीस का, काय म्हणतो तो, अजून तसाच? चंदरचं लग्न झालं तेव्हा विचारलं. चंदरने बुलेट विकली तेव्हाही विचारलं. लेहला तो कधीच गेला नाही.

मी दर वेळी तेच सांगत आले. अजून तसाच आहे. रागावलेला आहे.