नदीकाठचं फाटक

रचनाने टेबलावर नकाशा पसरला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, प्रबुद्धने, चहाचे कप घाईघाईने उचलले. २००६चा मे महिना होता. रचना इंग्लंडमध्ये, लीड्समधल्या एका आर्किटेक्ट फर्ममध्ये वर्क परमिटवर कामाला होती आणि पहिल्यांदाच एक अख्खी जागा तिच्या हाती आली होती. आयर नदीकाठच्या जुन्या गोदामांचे फ्लॅट होत होते. त्यांच्या समोरच्या मोकळ्या काठावर लोकांना बसायला, भेटायला जागा करायची होती.

महाडहून आलेले तिचे सासरे भीमराव चष्मा सावरत नकाशा पाहू लागले. निवृत्त मुख्याध्यापक ते. पेपर तपासावा तसा एकेक कोपरा बघत होते.

"पायऱ्या छान आहेत. थेट पाण्यापर्यंत जातात," ते म्हणाले. "आणि ही जाड रेघ कसली?"

"गेट आहे, बाबा. संध्याकाळी बंद होईल. आणि दिवसा ही बाकं कॅफेच्या गिऱ्हाइकांसाठी. क्लायंटचं तसं म्हणणं आहे."

"म्हणजे लोकांची जागा, पण लोकांनी यायचं नाही?"

"तसं नाही हो. दारू पिऊन लोक झोपतात, मुलं दंगा करतात, कचरा होतो. सेफ्टीचा प्रश्न आहे."

भीमरावांनी नकाशाची घडी घालून तिच्या हाती दिली.

शनिवारी रचना त्यांना नदीकडे घेऊन गेली. त्याच क्लायंटने थोडं अलीकडे एक काठ आधीच बांधून काढला होता. चालून दमलेले भीमराव तिथल्या एका बाकावर टेकले. समोर पाण्यात बदकं होती, ऊन पडलं होतं. आजूबाजूची सगळी बाकं रिकामी होती. इतक्यात एक सिक्युरिटी गार्ड आला.

"सॉरी सर, ही जागा प्रायव्हेट आहे. कॅफेत काही घेतलं असेल तरच इथे बसता येतं."

भीमराव लगेच उठले. रचनाचा मात्र संताप झाला. "अहो, ते दमलेत. सगळी बाकं तर रिकामी आहेत," ती गार्डला म्हणाली.

"नियम मी केलेला नाही, मॅडम," तो नम्रपणे म्हणाला आणि ते निघेपर्यंत तिथेच उभा राहिला.

"किती उद्धट माणूस!" परतताना रचना म्हणाली. "तुम्हाला उठवलं त्याने."

"उद्धट कुठे होता? बिचारा सॉरी म्हणाला. तुझ्या नकाशात जे लिहिलंय तेच त्याने मला सांगितलं."

रचना चालता चालता थांबली. भीमराव शांतपणे बोलत राहिले. "माझे वडील चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेले होते, हे तुला ठाऊकच आहे. ते सांगायचे, अडवणारे कधी 'आम्ही अन्याय करतोय' असं म्हणाले नाहीत. ते म्हणत, तळं बाटेल. अडवणाऱ्याकडे कारण असतंच, आणि बहुतेक वेळा ते स्वच्छतेचंच असतं."

"पण बाबा, इथे कोणी जात विचारत नाही."

"नाही विचारत. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणतही नाही. पण पाण्याकाठी कोणी बसायचं हे दुसऱ्याने ठरवायची सवय मात्र तीच. आणि सेफ्टीचं म्हणशील, तर भीती रिकाम्या जागेची वाटते. चार म्हातारी माणसं, चार मुलंबाळं बसलेली असली, की दंगा करणाराही जरा जपून वागतो."

घरी आल्यावर तिने नकाशातून गेट काढून टाकायचं ठरवलं. प्रबुद्ध काळजीत पडला. "क्लायंटशी बिनसलं आणि जॉब गेला, तर परमिटचं काय? विचार कर."

"केलाय. मलाही भीती वाटतेय," रचना म्हणाली. "पण बाबांना उठवलं ते मला टोचलं. दुसऱ्या कोणाला तरी उठवायची सोय मी स्वतःच करत होते, ते का नाही टोचलं?"

मीटिंगमध्ये तिने नवा नकाशा मांडला. गेटऐवजी चांगले दिवे, दिवसभर एक केअरटेकर, व्हीलचेअरसाठी उतार आणि कॅफेची दारं थेट पायऱ्यांच्या बाजूला. क्लायंटच्या माणसाने तोंड वाकडं केलं. "आणि काही गडबड झाली तर जबाबदार कोण?"

उत्तर दिलं ते रचनाचे बॉस ह्यू यांनी. "आम्ही. एक उन्हाळा गेटशिवाय पाहू. जमलं नाही, तर गेटचं ड्रॉइंग मी स्वतः करून देईन." बरीच कुरकुर झाली, पण शेवटी क्लायंट तयार झाला.

२००८च्या उन्हाळ्यात तो काठ खुला झाला. ऑफिसातली माणसं सँडविच घेऊन येऊ लागली. सलवार-कमीज घातलेल्या आज्या फ्लास्कमधून चहा ओतून गप्पा मारू लागल्या. गळ टाकून बसणारे पोलिश बाप-लेक दर रविवारी दिसू लागले. एक बेघर माणूस दुपारी कोपऱ्यात झोपायचा. पहिल्यांदा त्याला पाहून रचनालाच धास्ती वाटली. पण लोक त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून बसत, आणि केअरटेकर त्याला नावाने हाक मारी. क्वचित बाटल्या फुटल्या, एकदा भांडणही झालं. पण उन्हाळा संपला, तेव्हा गेटचं नाव कोणी काढलं नाही. कॅफेवाला तर खुशीत होता.

आजही नवं काम हाती आलं, की रचना सहकाऱ्यांना आधी विचारते, "इथे कोणाला येता येणार नाही?"

वाचकहो, हा प्रश्न आपणही विचारायला हवा. सोसायटीच्या बागेला कुलूप लावताना, ओट्यावर कोणी टेकू नये म्हणून खिळे ठोकताना, आपल्यालाही सोयीचं कारण सापडतंच. सार्वजनिक जागा काही नुसत्या दगड-विटांनी होत नाही. जिथे अनोळखी माणसालाही कोणी उठवत नाही, तीच जागा सगळ्यांची. आणि अशा जागेत आपणही जास्त निर्धास्त बसतो.