वरच्या कुरणाचं फाटक

त्यांनी फाटक ढकललं, कडी घातली, दोनदा ओढून पाहिली आणि रुमालानं हात पुसले. मग पायवाटेनं पुढे गेलेल्या मंडळींना गाठायला ते झपाझप निघाले. बत्तीस वर्षं एका कारखान्याच्या दारावर पहारा केलेला माणूस. उघडं फाटक दिसलं की त्यांच्या हातांना डोक्याची परवानगी लागत नसे. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी जाता-येता शेजाऱ्यांची दारं लोटून घ्यायचे. इमारतीतली पोरं त्यांना कुलूपकाका म्हणायची. म्हणोत बापडी! त्यांना ते आवडायचं.

आज मात्र ते पाहुणे होते. एकुलत्या लेकीचा आज पहिला दिवस होता. चांगली नोकरी सोडून ती या गोठ्याच्या एका खोलीत आइस्क्रीम करायला लागली होती, आणि आजपासून लोकांना कुरणंही हिंडवणार होती. वाट दोन तासांची. ओढ्याकाठानं वर चढायचं, वरच्या कुरणाला वळसा घालायचा, खाली गोठ्यापाशी यायचं आणि आइस्क्रीम खायचं. मग चारच्या ठोक्याला गाई धारेसाठी आपणहून गोठ्यात येतात, तो सोहळा बघायचा. कुणी हाकायचं नाही की बोलवायचं नाही.

गोठा मालकीणबाईंचा. वय सत्तर, पायात गुडघ्याएवढे बूट आणि जीभ त्याहून लांब. त्यांनी सकाळीच सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

"हे बघ मुली, माझ्या गाई चारला दारात पाहिजेत. तुझ्या माणसांपायी एक मिनिट जरी उशीर झाला, तर उद्यापासून तुझं हे हिंडणं बंद. मला दूध पाहिजे, गर्दी नको."

"होणार नाही उशीर," लेक म्हणाली होती. पण तिचा आवाज जरा चिरकला होता, आणि तो फक्त बापाला कळला होता.

आता चार वाजायला पाच मिनिटं कमी होती. अंगणातल्या बाकांवर तीस-पस्तीस माणसं वाट्या चाटत बसली होती. एका बाईंनी तिसऱ्यांदा "शेवटची हं" म्हणून वाटी पुढे केली. दोन लहान मुलींनी नाकांनासुद्धा आइस्क्रीम लावून घेतलं होतं. लेक आइस्क्रीमच्या डब्यात डाव घालता घालता बापाकडे बघत होती.

"बाबा, खरं सांगा. कसं झालंय?"

तिनं नोकरी सोडल्यापासून सहा महिने या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी वाटी तिच्यापुढे धरली.

"आणखी आहे का?"

लेक इतकी हसली की डाव डब्यातच पडला. कुलूपकाकांना वाटलं, झक मारते ती नोकरी.

चार वाजले. गोठ्याच्या आतल्या भिंतीवरचं मोठं घड्याळ उघड्या दारातून अंगणात बसूनही दिसत होतं. सगळ्यांच्या माना चढावाकडे वळल्या, पण वळणावर एक शेपूटसुद्धा दिसेना. चार वाजून दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग वरून, लांबून, हंबरडे ऐकू यायला लागले. एक नाही, अख्खा कळप तक्रार करत होता.

"असं होणार नाही," लेक पुटपुटली. "वरचं फाटक मी स्वतः उघडून ठेवलंय. आणि सगळ्यांना बजावलंय, उघडं असेल ते उघडंच ठेवा, बंद असेल ते बंदच."

कुलूपकाकांचा चमचा तोंडातच राहिला. बजावलं होतं खरं, त्यांना तर दोनदा. जित्याची खोड!

"आलोच," एवढं म्हणून ते उठले आणि चढावाला लागले. गुडघे कुरकुरत होते. साठी उलटलेला माणूस, पण कारखान्यात आग लागली तेव्हाही ते एवढे पळाले नव्हते.

फाटकामागे चाळीस गाई दाटून उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे बाईसाहेब, कळपाची म्होरकी. ती निघाल्याशिवाय बाकीच्या खूर उचलत नाहीत, असं लेकीनं सांगितलं होतं. त्यांनी कडी काढली आणि फाटक सताड उघडलं. बाईसाहेब ढिम्म हलेना. नुसती बघत राहिली.

"चला ना," ते धापा टाकत म्हणाले. "चुकलं माझं. पोरीचं वाटोळं होईल हो."

बाईसाहेबनं एक कान हलवला. असं त्यांच्याकडे कोण बघायचं, ते त्यांना एकदम आठवलं. कारखान्याचे बडे साहेब! अडसर वर गेला तरी गाडी पुढे घ्यायचे नाहीत, पहारेकरी रीतसर बाजूला होईपर्यंत. आणि मग लक्षात आलं की आपण वाटेच्या मधोमधच उभे आहोत. ते पटकन बाजूला झाले, टाचा जुळल्या आणि सवयीनं हात कपाळाशी गेला. कडक सलाम.

बाईसाहेब निघाली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. आता मधेच हात खाली कसा घ्यायचा? चाळीसच्या चाळीस गाई सलाम घेऊन गेल्या.

शेवटची गेली, तर पलीकडे कमरेवर हात ठेवून मालकीणबाई उभ्या. हंबरणं ऐकून त्याही वर आल्या होत्या.

"फाटक कुणी लावलं?"

"मी."

"मुद्दाम?"

"नाही. बत्तीस वर्षं तेच केलं. हातच जातो. पोरीचा काही दोष नाही, तिनं दोनदा सांगितलं होतं. मला काय बोलायचं ते बोला, तिचं बंद करू नका."

मालकीणबाई वळल्या आणि आडवाटेनं तुरुतुरु खाली गेल्या. कुलूपकाका गाईंच्या मागून मान खाली घालून उतरले. अंगणातून आरडाओरडा आणि टाळ्या ऐकू येत होत्या. नाकाला आइस्क्रीम लावलेल्या त्या दोघी मुली उड्या मारत होत्या.

गोठ्याच्या मागच्या दाराशी ते थबकले. आत मालकीणबाई पालथ्या बादलीवर चढून उभ्या होत्या. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या काट्यावर. काटा मागे गेला. मग त्या खाली उतरल्या, बूट झटकले आणि पुढच्या दारातून बाहेर गेल्या.

"चार वाजले," त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. "आल्या वेळेवर."

"माझ्या मोबाइलमध्ये तर चार-चौदा झालेत," एक गृहस्थ म्हणाले.

"मग त्याला दावणीला बांधा. माझ्या गाई या घड्याळावर चालतात."

लेकीनं घड्याळाकडे पाहिलं, मग मालकीणबाईंकडे, मग बापाकडे. हातातला डाव तिनं घट्ट धरला होता.

"बाबा, तुमच्या घड्याळात किती?"

सगळा कारखाना त्यांच्या मनगटावरच्या घड्याळावरून आपली घड्याळं लावायचा. बत्तीस वर्षांत खोटी वेळ त्यांच्या तोंडून कधी गेली नव्हती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, घड्याळाची कळ बाहेर ओढली, उलटी फिरवली, दाबली. मग मनगट डोळ्यांपुढे धरलं.

"बरोबर चार," ते म्हणाले.

लेकीचे ताठलेले खांदे सैल झाले आणि तिनं भरभरून दोन वाट्या वाढल्या. एक बापाला, एक मालकीणबाईंना. मालकीणबाईंनी आधी हुंगून पाहिलं. मग एक चमचा खाल्ला, मग लगेच दुसरा.

"अहो पहारेकरी," त्या तोंड पुसत म्हणाल्या, "उद्या पावणेचारला या. फाटक उघडं आहे का बघायला."

कुलूपकाकांनी भिंतीकडे पाहिलं, मग मनगटाकडे.

"कुठल्या पावणेचारला?"