खांब नसलेली गॅलरी

सरांच्या शोकसभेला एवढी माणसं लोटतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सभा सुरू व्हायच्या आधीच खुर्च्या भरल्या, भिंतीलगत माणसं उभी राहिली, आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. गॅलरीच्या जिन्याला बांधलेली दोरी मंडळाच्या चिटणीसांनी स्वतःच्या हातांनी सोडली. कुणाला नाही म्हणायचं तर त्यांच्या जिवावर येतं.

व्यासपीठावर आईशेजारी बसलेली छकुली खुर्चीच्या कडेला सरकली. छकुली म्हणजे सरांची एकुलती एक लेक. चाळिशी उलटली, दातांची डॉक्टर झाली, तरी या सभागृहात तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. सकाळीच तिने चिटणीसांना बजावलं होतं, "काका, आज गॅलरी बंद ठेवा." कारण मात्र सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं?

बाबांनी ते तिला शेवटच्या आजारात, दवाखान्यात सांगितलं होतं, आई डबा आणायला घरी गेली असताना. हे सभागृह मंडळाच्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी घाम गाळून बांधलेलं. बाबा इंजिनियरिंगचे मास्तर, म्हणून नकाशा त्यांचा, देखरेखही त्यांचीच. नकाशात गॅलरीखाली मधोमध एक खांब होता. खांबाआड रंगमंच दिसणार नाही म्हणून सगळ्यांनी धोशा लावला, आणि बाबा पडले भिडस्त, त्यांनी खांब गाळला. मागाहून हिशेब पुन्हा मांडला तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. मोजकी माणसं बसली तर ठीक, पण दाटीवाटीने उभी राहिली तर गॅलरी पेलणाऱ्या तुळईचा भरवसा नाही. पुढे खांब घालू म्हणता म्हणता कधी छत गळायला लागलं, कधी अभ्यासिका निघाली, आणि खांब राहिला तो राहिलाच.

"लाज वाटली गं," बाबा म्हणाले होते. "पोरांना जन्मभर शिकवलं, हिशेब दोनदा तपासा म्हणून. आणि आपलंच असं."

खांब बसवून घ्यायचा शब्द तिने दिला होता. सभा उरकली की चिटणीसांना बाजूला घेऊन बोलू, असं तिने ठरवलं होतं. भीड बापाची, तीच लेकीत उतरलेली, दुसरं काय.

माईकवर सरांचा एक जुना विद्यार्थी बोलत होता. आता तो मोठमोठ्या पुलांची कामं घ्यायचा. सर रविवारी फुकट वर्ग घ्यायचे, कुणाच्या इमारतीचा पंप बिघडला की पाना घेऊन हजर व्हायचे, असं तो अगदी मनापासून सांगत होता. छकुलीच्या कानात त्यातलं अक्षर शिरत नव्हतं. तिचे डोळे जिन्यावर खिळले होते. वरच्या रांगा भरल्या, रांगांमधल्या फटी भरल्या, कठड्याशी खांद्याला खांदा लागला. सगळे सरांचेच विद्यार्थी. गॅलरीभर इंजिनियर, पण एकानेही चढण्यापूर्वी मान वर करून तुळई पाहिली नाही. सरांनी बांधलंय ना, मग बघायचं काय? आणि बरोबर गॅलरीखाली, सतरंजीवर, वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या.

"आई, वरच्या लोकांना खाली आणायला हवं," ती कुजबुजली.

"गप बस. प्रेमाने आलेत बिचारे."

तेवढ्यात पूलवाला म्हणाला, "आता सर्वांनी उभं राहून सरांना श्रद्धांजली वाहू या."

वर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सरांचा फोटो दिसावा म्हणून मागचे लोक कठड्याकडे रेटू लागले. छकुलीने उठून माईक जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"गॅलरीतल्यांनी खाली या. जिन्याजवळचे आधी. एकेक जण, घाई नको. आणि आज्जी, तुम्ही सगळ्या पुढे सरका."

वर कुणीतरी हसलं. पूलवाला तिला समजावू लागला, "अगं, सरांचं काम आहे ते. हत्ती नाचवले तरी हलायचं नाही."

"बाबांचंच आहे म्हणून सांगते." तिने माईक तोंडाशीच ठेवला. "ते चुकलंय. इथे खांब हवा होता. त्यांनीच मला सांगितलंय."

पूलवाल्याने पहिल्यांदाच गॅलरीच्या खालच्या अंगाला नीट पाहिलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्याची नजर गेली, आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो जिन्याशी गेला आणि एकेकाला हात देऊन उतरवू लागला. छकुली जीव मुठीत धरून उभी होती. माणसं संपता संपेनात.

गॅलरी रिकामी झाली. काही झालं नाही, साधा पोपडासुद्धा पडला नाही. "उगाच बापाच्या नावाला बट्टा लावला," भिंतीकडून कुणीतरी पुटपुटलं. तिला ते ऐकू आलं. बट्टा लागला तो लागलाच, आणि लावणारी आपण, पोटची पोर. ती जागेवर येऊन बसली. आईकडे बघायचा धीर होईना.

आई रिकाम्या जिन्याकडे बघत होती.

"प्रत्येक कार्यक्रमाला हे जिन्यापाशी उभे असायचे," शेवटी ती हळूच म्हणाली. "येईल त्याच्याशी गप्पा, थट्टामस्करी. वर उकडतं हो, खालीच बसा, म्हणून माघारी धाडायचे. माझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी. मला वाटायचं, ह्यांना चारचौघांत मिरवायची हौस. घरी गेल्यावर किती बोलायचे मी त्यांना."

"आई, राहू दे आता."

"इतकी वर्षं हे तिथे एकटे घाबरत उभे होते गं. आणि मी इथे रुसून बसायचे."