जावयाचे पाय

रोडपालीविरुद्धच्या फायनलच्या सकाळी खारघरच्या एका मॅडमनी आमच्या बेलपाड्याच्या कबड्डी संघाला ताणावर लेक्चर दिलं. ‘नात्यांतून धीर मिळतो,’ म्हणाल्या. मी कप्तान, मला ते लगेच पटलं. इथंच माती खाल्ली.

आमचा चढाईबहाद्दर निकेश भीतीनं गार पडला होता. मी म्हटलं, ‘अरे, रोडपालीचा भावेश तुजा सख्खा मेहुणा हाय. तो तुला काय धरनार? त्याला बहिणीला तोंड दाखवायचं नाय का?’ सगळ्यांनी माना डोलावल्या. निकेशचा ताण कापरासारखा उडाला.

शेवटच्या चढाईला तो हसत हसत गेला आणि भावेशनं त्याचे दोन्ही पाय घट्ट धरले. आम्ही एका गुणानं हरलो.

वर भावेश म्हणतो कसा, ‘लग्नात बाबांनी तुमचे पाय धुतले, भावोजी. माजा मान रायला होता!’