न उघडणारी खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी जन्मात कधी उघडलेच नाही. माझ्या काचेमागे एक दिव्यांचा पडदा होता आणि त्यावर हिरवी पानं हलत असत. त्यापलीकडे म्हणाल तर नुसती माती.

जमिनीखाली एक आलिशान घर बांधलं जात होतं. वर काही संकट आलं, तर मालकांच्या कुटुंबाला तिथे सुखात राहता यावं म्हणून. सजावटीचं काम एका बाईंकडे होतं. जाड गालिचे, पितळी दिवे, मखमली खुर्च्या. आपण तळघरात आहोत हे कुणाच्या ध्यानीमनीही येऊ नये, असा त्यांचा हट्ट. सुतारकाकांनी मला घडवलं आणि मी बाईंची लाडकी झाले.

त्या घराला हवेची एकच जाळी होती. ती नजरेला खुपते म्हणून बाईंनी मला बरोबर तिच्यावर बसवलं. काकांनी चौकटीभोवती दोन बोटं फट ठेवली.

"बाई, हवा इथूनच यायची आहे. ही बुजवू नका हं," ते बजावून गेले.

पण त्या फटीतून माझ्या दिव्यांचा उजेड पाझरायचा आणि माझं बिंग फुटायचं. काकांची पाठ वळताच बाईंनी फटीत काळा स्पंज ठासून भरला. खरं सांगू? मला तेव्हा आनंदच झाला. आता मी हुबेहूब खरी दिसत होते.

मग मालकांनी तिथे राहून बघायची तालीम ठरवली. सकाळी नातेवाईक जमले, चुलते-मावश्यांसकट वीस माणसं. बाईही कौतुक ऐकायला आल्या होत्या. दाराला घड्याळाचं कुलूप होतं. बारा तास झाल्याशिवाय ते उघडणार नव्हतं. जो तो माझ्यापुढे उभा राहून फोटो काढत होता. मी फुलून गेले होते.

चौथ्या तासाला एकेकाचं डोकं दुखू लागलं. मालकांची म्हातारी आई धापा टाकू लागली. या आजींनी आयुष्यभर नर्सचं काम केलं होतं. जाळीमागचा हवेचा पंखा घरघरत होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. बाईंना मात्र आली. त्यांचं तोंड एवढंसं झालं, तरी त्या म्हणाल्या, "नवी जागा आहे ना, जरा घाबरल्यासारखं होतं."

आजी उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि कडी शोधू लागल्या. सगळे हसले.

"अगं आई, ती खोटी आहे," मालक म्हणाले.

आजींनी रुमाल काढून माझ्यासमोर धरला. माझी पानं सळसळत होती, रुमाल मात्र जागचा हलला नाही.

"वारा तर सुटलेला दिसतोय," आजी धापा टाकत म्हणाल्या, "मग हा का लोंबतोय?"

त्या क्षणी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण मी आधीच तिच्या पोटात होते.

आजी मटकन खाली बसल्या. तेव्हा बाईंना राहवलं नाही. "माझंच चुकलं. जाळी मीच बंद केलीय," त्या म्हणाल्या आणि पितळी दिव्याच्या दांड्याने मला भिंतीतून उचकटू लागल्या. मालकांनीही हात लावला. माझी काच फुटली, पानं विझली आणि मागून गार हवेचा झोत आला. आजींनी आधी तोंड वर करून चार श्वास घेतले, मग बाईंच्या रक्ताळलेल्या बोटांना तोच रुमाल बांधला. बाई मान खाली घालून रडत होत्या.

आता मी काकांच्या कारखान्यात भिंतीला टेकून असते. माझ्या कडेला स्पंज अजून चिकटलेला आहे. बाई कधीमधी येतात, पण माझ्याकडे बघत नाहीत, आणि मीही नजर चुकवते.

मित्रांनो, माझ्यासारखं देखणं काही दिसलं, तर खुशाल कौतुक करा. पण त्याआधी एकदा रुमाल धरून बघा. माझ्यासमोर तो धरायला एका धाप लागलेल्या म्हातारीला उठावं लागलं.