चढावरचं चाक

माझी मुलगी त्या दिवशी रजा टाकून, तीन तासांचा प्रवास करून आमच्या वर्कशॉपमध्ये आली, ती दीड मिनिटाची एक जाहिरात माझ्या शेजारी बसून बघायला.

"घरीच बघू की आईजवळ," मी म्हणालो.

"नको बाबा. इथेच. तुमच्या माणसांत."

गिऱ्हाइकांसाठी आमच्याकडे एक बाकडं आणि भिंतीवर टीव्ही होता. दुपारच्या मॅचच्या मध्ये जाहिरात लागणार होती. मी हात पुसून बसलो. रंगारी आला, बॅटऱ्यांचं काम करणारा आला. त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण कुठलीही मेलेली बॅटरी बघितली की तो आधी मान हलवायचा. मुलगी जाहिरातवाल्यांकडे कामाला होती आणि या एका जाहिरातीसाठी पाच महिने घराकडे फिरकली नव्हती. काय करतेस विचारलं, तर "वस्तू मांडते" एवढंच सांगायची.

जाहिरात लागली. एक रिकामं गोदाम. जमिनीवर एक अख्खी मोटार सुटी करून मांडलेली. एक नट लोळत येतो, स्प्रिंगला टेकतो, स्प्रिंग उडून पत्र्यावर पडते, पत्रा कलतो, त्यावरून बेअरिंगच्या गोळ्या घरंगळतात, त्यांच्या वजनाने जॅक हळूहळू खाली बसतो. असं एकातून एक. मध्ये एक चाक होतं, तिरप्या फळीच्या पायथ्याशी उभं. त्याला कशाचा तरी हलकासा धक्का लागला. ते क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं, आणि फळीवर चढलं. खाली नाही, वर. वर जाऊन त्याने दाराला टोला दिला, दार मिटलं आणि पुढचं सुरू झालं. शेवटी मोटारीचे दिवे लागले. कुठे कुणाचा हात दिसला नाही.

"कॉम्प्युटर!" रंगारी ओरडला. "शंभर टक्के कॉम्प्युटर."

"डोळे तपासून घे," डॉक्टर म्हणाला. "एकेक वस्तू खरी आहे. लावतोस चहाची पैज?"

"लावली. पण ठरवणार कोण?"

"काका ठरवतील. चाकाच्या बाबतीत काकांच्या पुढे कोण आहे?"

"हो," माझी मुलगी म्हणाली. "बाबांनाच विचारा."

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. मला वाटलं, चेष्टेतलं आहे.

मीही जरा सरसावून बसलो. चार माणसांत मान मिळाला की माणूस फुगतोच. "नट लोळेल, स्प्रिंग उडेल, ते मी मानतो," मी म्हणालो. "पण चाक चढ चढत नाही. अडतीस वर्षं चाकं हाताखालून घातलीत. सोडलं की खाली जातं, याला अपवाद नाही. ते चाक खोटं. आणि एक खोटं म्हणजे सगळंच खोटं."

रंगाऱ्याने टाळी वाजवली. एवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं. पण सगळे हसत होते, म्हणून मी मुलीकडे वळून म्हणालो, "मग तू पाच महिने तिथे काय केलंस गं? त्यांना चहा पाजलास?"

सगळे आणखी हसले. तीही हसली. मग म्हणाली, "बाबा, मोबाईलवर आहे माझ्या. अजून एकदा बघता? नुसतं चाकच बघा."

"एकदा बघितलं ते पुरे. डोळे आहेत मला."

तिने मोबाईल पिशवीत टाकला. घरी जाऊन आईच्या हातचे दोन घास खाल्ले आणि चारच्या गाडीने गेली. राहणार होती, पण गेली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय बोललात पोरीला?"

"काही नाही. चेष्टा केली."

"तुमची चेष्टा! मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो."

त्यानंतर ती आईला फोन करायची. मी जवळ असलो तर आई फोन माझ्या कानाला लावायची. "बरे आहात ना बाबा? जेवलात?" "हो. तू?" "हो." बस. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. भांडण झालंच नव्हतं. अशी दोन वर्षं गेली. मध्ये बायकोकडून कळलं की तिने ते काम सोडलं आणि आता ती इस्पितळात खिडकीवर बसून केसपेपर लिहिते. मी म्हणालो, "बरं झालं, बसून काम आहे."

आता माझं काम काय ते सांगतो. कुठलंच चाक सगळीकडून सारखं नसतं. एक बाजू थोडी जड असते आणि त्यामुळे गाडी पळताना थरथरते. मी चाक मशीनवर फिरवायचो, जड बाजू शोधायचो आणि तिच्या बरोबर समोर शिशाचा तुकडा लावायचो, की दोन्ही बाजू सारख्या. दिवसाला तीस-तीस चाकं. जड बाजू दिसली की मोडायची, एवढंच माझ्या हातांना ठाऊक.

एक दिवस बांधकामावरची एक गाडी आली. तिच्या मागच्या चाकाच्या आत, रिमला, सिमेंटचा गोळा वाळून घट्ट बसला होता, चांगला नारळाएवढा. चाक काढलं आणि मशीन मोकळं नव्हतं म्हणून गाड्या वर घ्यायच्या उताराशी उभं केलं. हात सोडला, तर चाक निघालं आणि वर चढलं. हातभर चढलं आणि थांबलं.

मी ते खाली आणलं, पुन्हा तसंच उभं केलं. पुन्हा चढलं. पाच वेळा केलं. सिमेंटचा गोळा वरच्या अंगाला, चढाच्या बाजूला ठेवला की तो खाली यायला बघतो आणि खाली येता येता चाकाला वर घेऊन जातो. इतकं सोपं. लहान मुलाला कळेल. मला कळलं नाही, कारण कुणी मुद्दाम चाक जड करील हे माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं.

"काका, भूतबीत शिरलं का चाकात?" रंगारी लांबून ओरडला.

मी बाकड्यावर जाऊन बसलो.

रविवारी मी तिच्याकडे निघालो. बायको म्हणाली, फोन करा. पण असली गोष्ट फोनवर सांगायची नसते, दाखवायची असते. एक जुनं चाक घेतलं, आत एका बाजूला शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या, वर्कशॉपमध्ये दोनदा चढवून बघितलं आणि तेच घेऊन बसमध्ये चढलो.

"काका, गाडी कुठे विसरलात?" कंडक्टर म्हणाला. "का ती मागून येतेय?"

सगळी बस हसली. मीही हसलो. त्या दिवशी मला हसायला येत होतं.

ती तिसऱ्या मजल्यावर राहायची. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात ओले कपडे होते. मला बघून ती घाबरली. "आई बरी आहे ना?"

"आई ठणठणीत आहे. फळी आहे का तुझ्याकडे?"

"फळी?"

इस्त्रीची फळी होती. ती काढून एक टोक पाटावर टेकवलं. चाक पायथ्याशी धरलं आणि सोडलं. ते चढलं, टोकाला जाऊन डगमगलं आणि परत खाली आलं. मी काही बोलणार, तोच ती खाली बसली, चाक आडवं केलं, आत बोट फिरवलं.

"जास्त लावलंय, आणि जागाही चुकली. हे दोन बोटं मागे घ्या. म्हणजे आधी थांबतं, मग निघतं."

तिने नखाने पट्ट्या सोडवल्या, दोन काढल्या, बाकीच्या पुन्हा बसवल्या, चाक उभं केलं आणि एका बोटाने हलकंच ढकललं. ते थांबलं. मग निघालं. फळीवर चढून वर अलगद उभं राहिलं. टीव्हीवर बघितलं होतं अगदी तसं.

"ते तूच केलंस," मी म्हणालो.

"चाक माझं. बाकी सगळ्यांचं मिळून. एकशे सत्तेचाळीस वेळा लावलं तेव्हा एकदा शेवटपर्यंत गेलं. त्या दिवशी आम्ही सगळे रडलो."

"सगळं खरं होतं?"

"सगळं."

"मी चुकलो गं. चार माणसांत तुला..."

"जाऊ द्या बाबा. आता काय त्याचं."

ती उठून कपडे वाळत घालू लागली. मी मागे मागे गेलो. "पुन्हा जा त्या कामाला. मी मदत करीन. शिसं कुठे किती लावायचं, तू नुसतं सांग."

"ते काम राहिलं नाही आता."

"का?"

चिमटा लावता लावता ती म्हणाली, "पुढची जाहिरात त्यांनी कॉम्प्युटरवरच केली. आपली लागायच्या आधी लोकांना दाखवून विचारलं होतं ना त्यांनी. सगळ्यांना वाटलं, ही खोटीच आहे. मग म्हणाले, खोटीच वाटते तर पाच महिने कशाला घालवायचे? आठ दिवसांत होते. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, ज्याला चाक कळतं त्याला कळेल. माझ्या..."

तिने दुसरा चिमटा घेतला.

पुढचं मला कळलं. तिने कुणाचं नाव घेतलं असेल ते कळलं. तिने माझ्यावर पैज लावली होती आणि ती बघायलाच तीन तास प्रवास करून आली होती. त्या मोठ्या माणसांसमोर जाऊन मग तिने काय सांगितलं असेल?

"बाबा, जेवून जा," ती म्हणाली. आम्ही जेवलो. तिने आईच्या गुडघ्याचं विचारलं. तिच्या खिडकीवर आजारी माणसं कशी आपलंच नाव सांगायला चुकतात, त्याच्या दोन गमती सांगितल्या. मी हसलो. तिच्या नखांकडे बघत होतो. शिशाने काळी झाली होती. जेवणाआधी तिने ती साबणाने दोनदा घासून धुतली.

निघताना मी म्हणालो, "चाक ठेव तुझ्याकडे."

"इथे जागा कुठे आहे बाबा? घेऊन जा. कामाला येईल."

स्टॉपवर ती सोडायला आली. चाक तिनेच उचललं होतं, मला हात लावू दिला नाही. बस आली. तिने ते वर चढवलं, माझ्या सीटजवळ उभं केलं आणि जड बाजू हाताने चाचपून खाली वळवली. "असं ठेवा, म्हणजे लोळणार नाही," म्हणाली, आणि उतरली.

बस निघाली. मी मागे वळून बघितलं तेव्हा ती रस्ता ओलांडत होती. मी चाकाला हात लावला नाही. तीन तास, इतक्या वळणांवरून, ते जागचं हललं नाही.