चौदा साक्षीदार

घारपुऱ्यांच्या घरात सकाळी आधी कुकरची शिट्टी वाजते की उमाकांतरावांचा फोन, हे सांगणं कठीण होतं.

"अगं विद्युलता, ऐकलंस का? चिरून ठेवलेला कांदा म्हणे चार तासांत विष होतो!"

"कोण म्हणे?" असं विद्युलताबाईंनी विचारेपर्यंत तो निरोप मिरजेला, पुण्याला आणि कारखान्याच्या गटावर पोचलेलासुद्धा असायचा. तुमच्या-आमच्या घरी याहून निराळं काही घडतं, असं नाही!

उमाकांतराव मूळचे मिरजेचे. चेन्नईत येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. टी. नगरच्या एका आतल्या गल्लीत फ्लॅट आणि शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. तिथे ते गुणवत्ता तपासणी बघत. त्यांची मुलगी इरा नुकतीच बारावीत गेली होती. शाळेने सुट्टीत प्रकल्प दिला होता : 'जागतिक तापमानवाढीचा वाद : दोन्ही बाजू'. माहिती इंटरनेटवरून गोळा करायची आणि शेवटी स्वतःचा निष्कर्ष लिहायचा.

मे महिन्याचे शेवटचे दिवस. बाहेर अग्निनक्षत्राचं, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्याचं, ऊन असं की दुपारी गल्लीतलं कुत्रंही सावली सोडत नव्हतं. इरा पंख्याखाली लॅपटॉप घेऊन बसली आणि तीन दिवसांत तिने बावीस लेख जमवले. आठ लेख म्हणत होते, पृथ्वी तापते आहे आणि ते माणसामुळेच. चौदा म्हणत होते, छे, ही निव्वळ अफवा! त्या चौदांमध्ये एक झकास आलेखही होता. त्यातली रेघ वर चढतच नव्हती, टेबलासारखी सपाट. इराने निष्कर्ष लिहून टाकला : 'चौदा विरुद्ध आठ. तापमानवाढ ही अफवा आहे.'

उमाकांतरावांना तर आभाळ ठेंगणं झालं. "बघ, सगळं जग उगाच घाबरतंय आणि माझ्या लेकीने तीन दिवसांत खरं शोधून काढलं!" त्यांनी आलेखाचा फोटो काढला आणि 'माझ्या मुलीचं संशोधन' असं लिहून सगळीकडे पाठवला. एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण पाच जूनला, पर्यावरण दिनी, कारखान्यात दोनशे कामगारांसमोर बोलायला मॅनेजरांनी त्यांनाच सांगितलं होतं. विषय आयता हाती आला!

दोन तारखेला सकाळी विद्युलताबाईंनी इराला खालच्या मजल्यावर पाठवलं, वाटीभर चिंचेचा गोळा मागायला. खाली राघोत्तमराव आणि अन्नपूर्णाबाई राहत. तंजावरचं जुनं मराठी घराणं. त्यांची मराठी तीनशे वर्षांपूर्वीची, बोलण्याची चाल मात्र तमिळ. राघोत्तमरावांची सगळी नोकरी हवामान खात्यात गेली होती. उन्हातान्हात, पावसावादळात, ठरल्या वेळी तापमापक वाचायचा आणि आकडा लिहायचा, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं होतं.

"बैस गे कण्णा," म्हातारबुवा म्हणाले. "तुझा अप्पा सांगत होता, तू मोठा शोध लावलीस म्हणे. दाखव की मला."

इराने उत्साहाने लॅपटॉपच आणला. राघोत्तमरावांनी चष्मा पुसला आणि चौदाच्या चौदा लेख वाचले. अर्धा तास लागला. अन्नपूर्णाबाईंची कॉफी निवून गेली. शेवटी ते म्हणाले, "एक विचारू? हे चौदा माणसं आहेत, की एकच माणूस चौदा वेळा बोलतो?"

"म्हणजे?"

"हे बघ. इथे 'आर्क्टिक'च्या इंग्रजी स्पेलिंगातला पहिला 'सी' गळलाय. चूक कोणाचीही होते. पण या दुसऱ्यातही तोच 'सी' गळलाय. तिसऱ्यातही!"

इराने भराभर पानं उघडली. चौथं, सातवं, अकरावं, चौदावं... प्रत्येकात तीच चूक, त्याच वाक्यात! ती खुदकन हसली आणि हसता हसताच तिचे कान तापले. परीक्षेत एकाची वही चौदा जणांनी उतरवावी, तसाच प्रकार होता हा. मग तिला चेव चढला. कुठला लेख आधी, कुठला नंतर, असं तारखा बघत ती मागे मागे गेली आणि एका पानावर येऊन थांबली. त्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, आकडे कुठून आणले याचा शब्द नव्हता.

"पण आजोबा, आलेख? आकडे तर खोटं बोलत नाहीत ना!"

"आकडे नाही बोलत. कात्री बोलते," राघोत्तमराव म्हणाले. "ही रेघ कुठल्या वर्षी सुरू होते?"

"एकोणीसशे अठ्ठ्याण्णव."

"ते वर्ष फार तापलेलं. डोंगराच्या शिखरावरून मोजायला सुरुवात केलीस, तर पुढचं समस्त सपाटच दिसेल. त्याच्या मागची चाळीस वर्षं आणि रेघ संपते तिथून पुढची वर्षं कुठे गेली? कापली! पूर्ण आकडे काढ आणि आलेख तूच आख. मग माझंही खरं धरू नकोस, तुझ्या डोळ्यांना दिसेल ते धर."

"पण ते कुठे मिळतील?"

"त्याच इंटरनेटवर!" म्हातारबुवा खळखळून हसले. "बाजार वाईट नसतो गे. तांदूळ निवडून घ्यावा लागतो, एवढंच. लिहिणारा कोण, त्याने स्वतः मोजलं की ऐकलं, आणि दुसऱ्या कोणी ताडून पाहिलं का, हे तीन प्रश्न विचारायचे."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी इरा खालच्या मजल्यावरच होती. हवामान संस्थांच्या संकेतस्थळांवरून तिने आकडे उतरवले, एकेक टिंब देऊन रेघ जोडली. रेघ कधी खाली यायची, कधी वर जायची, पण एकंदर चढतच गेली. उरलेले आठ लेखही तिने त्याच तीन प्रश्नांवर घासून पाहिले. त्यातले दोन गळाले! पृथ्वी उद्याच बुडणार, असा नुसता आरडाओरडा होता त्यांत.

"मग वाद खरा कशावर आहे आजोबा? की वादच नाही?"

"आहे की! ताप आहे का, यावर आता जाणत्यांचा वाद नाही. तो किती चढेल, औषध कुठलं आणि ते आधी कोणी घ्यायचं, यावर रोज भांडतात. भांडू दे. त्यातूनच औषध निघेल."

आता अवघड काम उरलं होतं. चार तारखेला संध्याकाळी उमाकांतराव आरशासमोर भाषणाची तयारी करत होते. "मित्रहो, माझ्या मुलीने सिद्ध केलं आहे..."

"बाबा, मी चुकले," इरा म्हणाली आणि तिने दोन्ही आलेख त्यांच्यासमोर ठेवले.

उमाकांतरावांचा चेहरा पडला. "अगं, पण मी सगळ्यांना पाठवलंय! मॅनेजरसाहेबांनी पसंतीचा अंगठाही पाठवलाय! आता काय सांगू?"

"बाबा, तुमच्याकडे माल येतो तेव्हा पेटीवर 'उत्तम' लिहिलंय म्हणून तुम्ही तो आत घेता?"

"छे! एकेक नग मोजून..." आणि उमाकांतराव बोलता बोलता थांबले. दारात विद्युलताबाई पदराने हसू लपवत होत्या. त्यांच्याकडे बघून तेही हसायला लागले. आधी ओशाळं, मग मोकळं. "कारखान्यात एक खराब बोल्ट सुटू देत नाही मी आणि घरातून रोज टोपलीभर सोडतोय! अरे देवा!"

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सगळ्या गटांवर लिहिलं : 'मागच्या आठवड्यात पाठवलेला आलेख अर्धवट होता. न तपासता पाठवला. चूक माझी.' मिरजेहून थोरल्या भावाचं तत्काळ उत्तर आलं, 'फोन चोरीला गेला की काय तुझा?' घरभर हशा पिकला!

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधून इराही इरुंगाट्टुकोट्टैला गेली. मॅनेजरांची परवानगी घेऊन उमाकांतरावांनी आपल्या भाषणाची वेळ लेकीला दिली. कॅन्टीनच्या शेडमध्ये दोनशे माणसं. इरा पुढे येऊन उभी राहिली. तिने तमिळमध्ये सरळ सांगून टाकलं, "मी कशी फसले आणि माझ्या बाबांना कसं फसवलं, ती गोष्ट सांगते." गळलेल्या 'सी'पाशी ती आली तेव्हा मागच्या रांगेपर्यंत हास्याची लाट गेली. मग तिने दोन्ही आलेख भिंतीवर लावले. त्या पत्र्याखाली उकडत बसलेल्यांना चढणारी रेघ समजावून सांगावी लागली नाही.

टाळ्या थांबल्यावर फोर्कलिफ्ट चालवणारे राममूर्ती उठले. पन्नाशीचा, भरघोस मिशांचा माणूस. फोन पुढे करत ते म्हणाले, "अम्मा, गेले दोन महिने मी उन्हातून आल्यावर पाणी पीत नाही. लगेच पाणी प्यायलं की हृदय बंद पडतं, असं यात लिहिलंय. हे खरं का?"

कोणी हसलं नाही. इराने तिथेच शोधून पाहिलं. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. मग तिने उन्हाळ्यासाठी आरोग्य खात्याने दिलेल्या सूचना उघडल्या आणि मोठ्याने वाचल्या : तहान लागली नसली तरी पाणी पीत राहा. कारखान्याच्या नर्सनेही मान डोलावली. राममूर्तींनी शेजारचा तांब्या उचलला आणि सगळ्यांच्या देखत गटागटा रिकामा केला. "अय्यो, काय बरं वाटलं!" असं म्हणून त्यांनी मिशा पुसल्या, तशी सगळी शेड टाळ्यांनी दुमदुमली. मग तर रांगच लागली. एकेक जण फोन घेऊन येई, इरा तीन प्रश्न विचारी, आणि पुढे पुढे तर लोकच एकमेकांना ते विचारू लागले. उमाकांतराव खुर्च्या लावत, पाणी देत फिरत होते, आणि लेकीकडे बघून त्यांचा ऊर भरून येत होता. बस सुटायची वेळ टळून गेली तरी ड्रायव्हर हॉर्न वाजवेना, कारण तोही रांगेत होता!

वाचकहो, चुकीची माहिती ही काही दूरच्या कोणा लबाडाचीच करणी नसते. आपलं बोट तिला पुढे ढकलतं म्हणून ती चालते, आणि चालत चालत एखाद्या तहानलेल्या माणसाच्या हातातलं पाणी काढून घेते. ज्ञानाचा एवढा मोठा बाजार आज आपल्या मुठीत आहे. त्यात आनंदाने फिरावं, पण डोळे उघडे ठेवून. सांगणारा कोण, त्याने मोजलं की ऐकलं, आणि ताडून कोणी पाहिलं, एवढं विचारावं. आणि चुकलंच, तर मोकळेपणाने 'चुकलं' म्हणावं. त्याने मान खाली जात नाही. उलट आपल्या शब्दावर विसंबणारी माणसं वाढतात.